निवृत्तीनंतरची पहिली क्रूझ: मार्ग, केबिन, औषधं आणि खर्च यांबद्दल नेमकी माहिती हवी

शिवाजीपार्ककर

मंडळी, टूरवाल्यांची पत्रकं वाचून झाली. त्यात तरणतलाव आणि रोषणाईच जास्त, कामाचं कमी. म्हणून इथे विचारतो.

आम्ही दोघं निवृत्त. मी ६७, सौ. ६४. तिचे गुडघे दुखरे. सपाटीवर तासभर आरामात चालते, जिना मात्र नको म्हणते. मला मधुमेह, दिवसा गोळ्या आणि रात्री इन्सुलिन. दोघंही शाकाहारी, ती संकष्टी आणि एकादशी धरते. वेळ भरपूर आहे, शाळेच्या सुट्ट्यांचं बंधन नाही. रोज पहाटे बॅगा भरून बसमध्ये कोंबणारी सहल नको, म्हणून क्रूझ.

बेत असा: आधी मुंबईहूनच एक छोटी फेरी, समुद्र मानवतो का ते पाहायला. मग सिंगापूर किंवा भूमध्य समुद्र, सात रात्री.

प्रश्न: मार्ग कसा निवडायचा? केबिन कुठली, बाल्कनीला जादा पैसे द्यावेत का? औषधं, डॉक्टर, विमा यांचं काय? जाहिरातीतल्या भाड्यावर प्रत्यक्षात किती चढतं? आणि व्हिसा?

---

डेकवरचा

काका, सगळे आधी जहाज निवडतात, किती मजली, किती उपाहारगृहं वगैरे. तुमच्या बाबतीत ते शेवटी बघा. आधी बंदरं बघा. गुडघे दुखरे असलेल्या माणसाला सात दिवस सुखाचे जाणार की नाही हे जहाजापेक्षा बंदरांवर ठरतं.

मार्गपत्रिकेत प्रत्येक बंदरासमोर तीन गोष्टी शोधा.

पहिली, जहाज धक्क्याला लागतं की बाहेर नांगर टाकून उभं राहतं. धक्क्याला लागलं तर उतारावरून चालत खाली. बाहेर उभं राहिलं तर 'टेंडर', म्हणजे लाँचने किनाऱ्यावर. गेटवेहून एलिफंटाच्या लाँचमध्ये पाय टाकताना जी कसरत होते तीच इथे, फक्त मदतीला दोन खलाशी जास्त. पत्रिकेत कोपऱ्यात 'टेंडर' किंवा 'अँकर' असं बारीक लिहिलेलं असतं किंवा नांगराचं चित्र असतं. वारा वाढला की पहिली रद्द होतात ती हीच बंदरं. मग त्या बंदराचा कर तेवढा परत मिळतो, बाकी काही नाही.

दुसरी, बंदरापासून शहर किती लांब. पत्रिकेत 'रोम' लिहितात, जहाज लागतं चिवितावेक्कियाला, तिथून रोम सत्तरेक किलोमीटर. 'फ्लॉरेन्स' म्हणजे लिव्होर्नो, तिथून नव्वदच्या आसपास. 'क्वालालंपूर' म्हणजे पोर्ट क्लांग, रस्त्याने तासाच्या वर. याउलट नेपल्स, बार्सिलोना, पेनांग इथे शहर धक्क्याला लागूनच आहे किंवा दहा मिनिटांवर. 'व्हेनिस' लिहिलं असेल तर आवर्जून विचारा कुठे लागणार. ऑगस्ट २०२१पासून २५,००० टनांवरच्या जहाजांना व्हेनिस शहरालगतच्या ज्युडेक्का कालव्यातून जायला बंदी आहे. त्यामुळे मोठी जहाजं मार्गेरा, ट्रिएस्टे किंवा राव्हेन्नाला लागतात, आणि राव्हेन्नाहून व्हेनिस म्हणजे दिवसभराचं काम.

तिसरी, पोचण्याची आणि निघण्याची वेळ. सकाळी ८ ते संध्याकाळी ६ असेल तर ठीक. दुपारी १ ते ६ असेल तर हातात तीन-साडेतीन तासच उरतात, कारण निघण्याच्या अर्धा ते एक तास आधी सगळ्यांना जहाजावर परत यावं लागतं.

सात रात्रींत सलग सहा बंदरं असलेला मार्ग घेऊ नका. कागदावर भरगच्च दिसतो, पण तुम्ही ज्या बससहलीपासून पळताय तीच ही, फक्त पाण्यावरची. चार किंवा पाच बंदरं आणि मध्ये दोन दिवस नुसता समुद्र, असा बघा. समुद्राचे दिवस फुकट जात नाहीत. डेकवर चालायला मार्ग, वाचनालय, व्याख्यानं, पत्ते, दुपारी रिकामा गरम पाण्याचा हौद. निवृत्त मंडळींची खरी क्रूझ त्याच दिवशी असते.

तुमच्या यादीबद्दल:

मुंबईची फेरी नोव्हेंबर ते फेब्रुवारीत करा, अरबी समुद्र तेव्हा शांत असतो. एप्रिल-मेमध्ये डोल वाढायला लागतो आणि पावसाळ्यात मुंबईची फेरी बंद. मुंबईहून फेऱ्या करणाऱ्या कॉर्डेलिया कंपनीचं 'एम्प्रेस' हे १९९० सालचं जहाज आहे, पूर्वी रॉयल कॅरिबियनकडे 'एम्प्रेस ऑफ द सीज' होतं. साधारण ४८,५०० टनांचं, म्हणजे आजच्या मानाने लहान. केबिनही लहान, बाल्कनीवाल्या थोड्याच. शनिवार-रविवारची गोव्याची फेरी म्हणजे रात्रभर गाणी. आठवड्याच्या मधली फेरी घ्या, भाडंही उतरतं. गोव्यात जहाज मुरगावला लागतं, पणजी तिथून तीसेक किलोमीटर. लक्षद्वीपच्या फेरीत बेटावर लहान बोटीने उतरावं लागतं, म्हणून गुडघ्यांसाठी ती पहिली नको.

सिंगापूर–पेनांग–फुकेत अशी चार-पाच रात्रींची फेरी दुसऱ्या पायरीला उत्तम. विमान साडेपाच तासांचं आणि जेवणात भारतीय पदार्थ हमखास. फुकेतला बहुतेक वेळा टेंडर असतो; नको वाटलं तर त्या दिवशी जहाजावरच राहायचं. जहाज रिकामं असतं, सर्वांत सुखाचा दिवस तोच.

भूमध्य समुद्रात पश्चिम बाजू घ्या: बार्सिलोना, मार्सेय, जेनोआ, चिवितावेक्किया, नेपल्स. सगळीकडे धक्का. ग्रीक बेटं दिसायला सुंदर, पण सँटोरिनीत टेंडरने जुन्या बंदराला उतरून वर जायला केबल कार किंवा जवळपास सहाशे पायऱ्या. दोन-तीन मोठी जहाजं एकाच दिवशी आली की केबल कारच्या रांगेतच दीड तास जातो. शिवाय जुलै २०२५पासून सँटोरिनी आणि मिकोनोसला उतरणाऱ्या क्रूझ प्रवाशांवर शुल्क आहे, गर्दीच्या मोसमात माणशी २० युरो. नेपल्सला उतरून पाँपेईला जायचा मोह होईल. तिथले रस्ते दोन हजार वर्षांपूर्वीचे दगडी, उंचसखल आणि सावली नाही. ताईंना काठी असेल तरच.

केबिनचं वेगळ्या प्रतिसादात लिहितो.

---

डेकवरचा

केबिन.

जहाज दोन प्रकारे हलतं. डावी-उजवीकडे डोलतं आणि पुढे-मागे टोकं वर-खाली होतात. डोलण्याला आवर घालायला जहाजाच्या पोटाला दोन्ही बाजूंनी पंख असतात. ते जहाज पुढे जात असतानाच नीट काम करतात, आणि टोकांच्या वर-खाली होण्यावर त्यांचा फारसा इलाज नाही. डोल उंचावर जास्त लागतो, वर-खाली होणं टोकांना जास्त लागतं. म्हणून लांबीच्या मध्यावर, खालच्या किंवा मधल्या डेकवर. वरच्या डेकवरची पुढच्या टोकाची केबिन महाग असते आणि तुमच्यासाठी सर्वांत वाईट.

मग डेकचा नकाशा उघडा आणि आपल्या केबिनच्या बरोबर वर आणि बरोबर खाली काय आहे ते बघा. वरती तलावाचा डेक असेल तर पहाटे पाचपासून खुर्च्या सरकवल्याचा आवाज. खाली नाट्यगृह किंवा नाचघर असेल तर मध्यरात्रीपर्यंत ढोल. नकाशात नाव नसलेला पांढरा चौकोन म्हणजे बहुधा स्वयंपाकघर किंवा सामानाची जागा, तिथे रात्रभर ढकलगाड्या. खालच्या डेकवर अगदी पुढे असाल तर बंदरात शिरताना सकाळी सहाला नांगराच्या साखळीचा आणि आडव्या पंख्यांचा खडखडाट. वर-खाली दोन्हीकडे केबिनच असतील ती शांत.

मोठं जहाज ३०० मीटरच्या वर लांब असतं. केबिन एका टोकाला आणि जेवणघर दुसऱ्या टोकाला असेल तर दिवसात चार खेपांत दोन-अडीच किलोमीटर सहज होतात. लिफ्टपासून सात-आठ दारांवर घ्या. अगदी लिफ्टसमोर नको, गप्पांचे अड्डे तिथेच.

'गॅरंटी' नावाचं स्वस्त तिकीट असतं. त्यात केबिनचा प्रकार तुमचा, जागा कंपनी ठरवते. तरण्या मुलांना ठीक. तुम्ही नंबर बघूनच पैसे भरा.

---

ठाणेकरीण

बाल्कनीबद्दल माझं मत डेकवरचा यांच्यापेक्षा थोडं वेगळं आहे, ते जागेवर जोर देतात, मी प्रकारावर देईन.

मुंबई–गोव्याला बाल्कनीवर खर्च करू नका, दोन रात्रींत बसणार किती? सात रात्रींच्या फेरीत मात्र आतली, खिडकी नसलेली केबिन घेऊ नका. दिवा बंद केला की ठार अंधार. सकाळ झाली की रात्र आहे कळत नाही, आणि रात्री दोन-तीनदा बाथरूमला उठणाऱ्या माणसाला ते धोक्याचं. बाथरूमच्या दाराला चार-पाच इंचांचा उंबरा असतो, अंधारात नेमका तिथेच अंगठा आपटतो. आतलीच मिळाली तर टीव्हीवर जहाजाच्या पुढच्या कॅमेऱ्याचं चॅनल आवाज बंद करून चालू ठेवा, पहाट झाली की खोलीत उजेड येतो. बॅटरीवरचा छोटा दिवा बरोबर न्या. भिंती लोखंडी असतात, चुंबकाचे हुक छान चिकटतात. टोपी, पिशवी, ओला रुमाल सगळं टांगता येतं.

मधला पर्याय म्हणजे नुसती खिडकीवाली. उजेड मिळतो आणि ती बहुधा खालच्या डेकवर असते, म्हणजे डोलही कमी. पण 'ऑब्स्ट्रक्टेड' लिहिलेली घेतली तर खिडकीबाहेर समुद्राऐवजी जीवरक्षक नौकेची केशरी पाठ दिसते. नॉर्वे किंवा अलास्का असेल तर बाल्कनीला पैसे द्यावेत, तिथे बघण्यासारखं सगळं जहाजावरूनच दिसतं.

उंबरा नसलेली, बाथरूममध्ये पकडायच्या दांड्या असलेली केबिन प्रत्येक जहाजावर असते, पण थोडी असतात आणि ती खरी गरज असणाऱ्यांसाठी. ताईंचं चालणं तुम्ही लिहिलंय तसं असेल तर साधी घ्या, फक्त आंघोळीला बसायचं स्टूल आधी मागून ठेवा. पलंग वेगळे हवेत की जोडून तेही बुकिंगलाच लिहायचं.

आणि इस्त्री, किटली, पाण्यात सोडायची कॉइल, छोटी इंडक्शन शेगडी यांतलं काही नेऊ नका. आगीच्या भीतीने ते चढतानाच काढून घेतात आणि परतीच्या दिवशी रांग लावून परत घ्यावं लागतं.

---

गोळीऔषध

औषधांचं. खालचं सगळं तुमच्या डॉक्टरांना दाखवून मगच.

समुद्र लागण्यावर आपल्याकडे दुकानात सहज मिळते ती प्रोमेथाझिनची गोळी, अ‍ॅव्होमिन. साठीनंतर ती बेताने. झोप येते, तोल जातो, तोंड कोरडं पडतं. प्रोस्टेटचा त्रास असेल तर लघवी अडू शकते, काचबिंदूच्या एका प्रकारात डोळ्यांचा दाब वाढू शकतो. कानामागे लावायची स्कोपोलामाइनची पट्टी आणि डायमेनहायड्रिनेट, मेक्लिझिन यांनाही कमी-जास्त प्रमाणात हेच लागू आहे. वयस्क माणूस जहाजावर पडतो तो बऱ्याचदा लाटेने नाही, गोळीच्या गुंगीने. गोळी लागणारच असेल तर मळमळ सुरू होण्याआधी घ्यायची, उलट्या लागल्यावर पोटात टिकत नाही. आणि घरी एकदा घेऊन बघा, काय होतं ते कळेल.

बिनगोळीचे उपाय: मधल्या डेकवर उघड्यावर उभं राहून क्षितिजाकडे बघणं, मोबाइल आणि पुस्तक बंद, पोट रिकामं न ठेवणं, कोरडी बिस्किटं, आलं.

इन्सुलिन विमानात हातातल्या बॅगेतच. सामानकक्षात गोठलं तर वाया जातं. बरोबर डॉक्टरांचं पत्र, त्यात औषधांची मूळ नावं, कंपनीची नावं नकोत. तुमचं रात्रीचं इन्सुलिन ग्लार्जिन प्रकारचं असेल तर त्याचं वापरात असलेलं पेन ३० अंशांखाली २८ दिवस चालतं, त्यामुळे रोज फ्रिज लागतोच असं नाही. न उघडलेली पेनं मात्र थंड हवीत. केबिनमधला छोटा कप्पा बऱ्याच जहाजांवर नुसता गार ठेवणारा असतो, खरा फ्रिज नसतो. बुकिंग करतानाच औषधांसाठी फ्रिज मागा. वापरलेल्या सुया कचऱ्यात टाकू नका, सफाईवाल्याला टोचतात. सुयांचा डबा मागितला की देतात.

जहाजावर चढताना मोठ्या बॅगा धक्क्यावरच घेतात आणि केबिनला पोचायला संध्याकाळ होते. औषधं, साखर मोजायचं मशीन, चष्मा, पासपोर्ट हे कधीही त्या बॅगेत नको. फेरीच्या दिवसांपेक्षा आठवडाभराचा जास्त साठा न्या.

भूमध्य समुद्राला जाताना वेळ साडेतीन-साडेचार तास मागे जाते. रात्रीच्या इन्सुलिनची वेळ एकदम बदलायची की टप्प्याटप्प्याने, हे आधी विचारून लिहून घ्या. आणि जहाजावर माणूस जास्त खातो हे सगळ्यांना माहीत असतं, पण बंदरातल्या दिवशी उलटं होतं: सकाळी गोळी घेऊन निघाले, चार तास चालले, जेवण तीनला. साखर घसरते ती तेव्हा. खिशात ग्लुकोजच्या गोळ्या ठेवा. नवे बूट जहाजासाठी म्हणून घेऊ नका, मधुमेह्याच्या पायाला फोड परवडत नाही.

जहाजावर डॉक्टर, नर्स असतात. क्ष-किरण, ईसीजी, प्राथमिक अतिदक्षता इतपत सोय मोठ्या जहाजांवर असते. डायलिसिस नाही, शस्त्रक्रिया नाही. प्रत्येक भेटीचे पैसे पडतात आणि ते डॉलर किंवा युरोत तुमच्या खात्यावर चढतात. तुम्ही आधी भरायचे, मग विमा कंपनीकडून मागायचे. त्यासाठी तपशीलवार बिल आणि डॉक्टरचा अहवाल उतरण्याआधी हातात घ्या. आपली इथली मेडिक्लेम पॉलिसी सहसा परदेशात चालत नाही. प्रवास विमा घेताना मधुमेह लिहायचाच. न लिहिता हप्ता वाचतो, पण दाव्याच्या वेळी नेमकं तेच कारण दाखवून नाकारतात. पॉलिसीत दोन ओळी शोधा: आधीपासूनच्या आजारात तातडीचे उपचार, आणि समुद्रावरून रुग्णालयात हलवण्याचा खर्च.

जुलाब-उलट्यांची साथ जहाजावर पसरते ती बहुधा नोरोव्हायरसची. त्याला सॅनिटायझर फारसा जुमानत नाही, साबणाने वीस सेकंद हात धुवा. त्रास सुरू झाला तर लपवू नका. कळवल्यावर केबिनमध्ये थांबायला सांगतात, कंटाळा येतो, पण सलाइनची वेळ येण्याआधी उपचार मिळतात.

---

हिशेबनीस

जाहिरातीतलं भाडं माणशी असतं आणि एका केबिनमध्ये दोघं धरून असतं. एकट्या माणसाला बऱ्याचदा दुसऱ्याचंही भाडं द्यावं लागतं, हे इथल्या एकट्या वाचकांसाठी.

त्यावर चढतं ते:

बंदर कर. भाड्यात धरलाय का ते विचारा.

सेवाशुल्क, म्हणजे टिप. अमेरिकी कंपन्या माणशी रोज साधारण १६ ते २० डॉलर आपोआप लावतात. १८ धरले तर दोघांचे सात रात्रींचे २५२ डॉलर. भारतात बुकिंग करताना हे आधीच भरता येतं, ते बरं.

पेयांचं पॅकेज. घेऊ नका. बऱ्याच कंपन्यांत केबिनमधल्या दोन्ही प्रौढांना ते घ्यावंच लागतं, एकट्याला देत नाहीत. बुफेत पाणी, चहा, साधी कॉफी बहुतेक जहाजांवर फुकट असते, पण युरोपीय कंपन्यांच्या जहाजांवर जेवणघरात पाण्याच्या बाटलीचे पैसे लावतात. आधी विचारा. सुट्या पेयावर वर १८-२० टक्के सेवाशुल्क चढतं.

किनाऱ्यावरच्या सहली. जहाजाच्या महाग, बाहेरच्या स्वस्त. फरक एवढाच की जहाजाच्या सहलीची बस अडकली तर जहाज थांबतं. तुमची टॅक्सी अडकली तर थांबत नाही. माझा नियम: शहर धक्क्याजवळ असेल तिथे स्वतः हिंडा, तासापेक्षा लांब असेल तिथे जहाजाची सहल.

इंटरनेट. रोजचं पॅकेज महाग, आणि याहून महाग चूक म्हणजे मोबाइल चालू राहणं. किनारा सुटला की फोन जहाजाच्या उपग्रह नेटवर्कला आपोआप जोडला जातो आणि तुमच्या रोमिंग पॅकमध्ये ते सहसा बसत नाही. जहाज सुटायच्या आधी विमान मोड. मात्र विमान मोडवर बँकेचा ओटीपी येत नाही, म्हणून वीजबिल, सोसायटीचे पैसे, हप्ते सगळं निघण्याआधी उरकून टाका.

जहाजावर रोकड चालत नाही, केबिनचं कार्ड चालतं. ते तुमच्या क्रेडिट कार्डाशी जोडतात. डेबिट किंवा फॉरेक्स कार्ड जोडू नका: रोज थोडी थोडी रक्कम अडवून ठेवतात आणि ती सुटायला प्रवास संपल्यावरही बरेच दिवस लागतात. आपल्या क्रेडिट कार्डांवर परकीय चलनाचा अधिभार साडेतीन टक्क्यांपर्यंत आणि त्यावर जीएसटी. किनाऱ्यावर दुकानदार 'रुपयांत घेऊ का' विचारतो, तेव्हा नाही म्हणा, स्थानिक चलनातच द्या.

परदेशी सहलीचं पॅकेज घेतलं की टूरवाला टीसीएस, म्हणजे आगाऊ प्राप्तिकर, कापतो. तो खर्च नाही, विवरणपत्र भरल्यावर करात वळता होतो किंवा परत येतो. पण त्यासाठी पावती पैसे भरणाऱ्याच्याच पॅनवर हवी. मुलाने पैसे भरले आणि पॅन तुमचा दिला, की घोळ.

व्हिसा. सिंगापूरला जाऊन पुन्हा सिंगापूरलाच परतायचं असेल तर एकापेक्षा जास्त वेळा प्रवेश देणारा व्हिसा हवा, आणि आगमन कार्ड पोचण्याआधीच्या तीन दिवसांत ऑनलाइन. मलेशिया, थायलंडची आगमन कार्डं वेगळी. ती जहाजवाल्यांना भरून हवी असतात, मगच चढू देतात.

भूमध्य समुद्राला शेंगेन, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांचा मिळून एक व्हिसा. मार्गात तुर्कस्तान, मोरोक्को किंवा इंग्लंड असेल तर तुम्ही शेंगेनच्या बाहेर जाऊन परत येता, म्हणून मल्टिपल एंट्रीच मागा. अर्ज ज्या देशात जास्त दिवस त्याच्याकडे. दिवस सारखे असतील तर जिथे पहिला प्रवेश, त्याच्याकडे. अर्ज सहा महिने आधीपर्यंत करता येतो, विमा किमान ३०,००० युरोचा, शुल्क जून २०२४पासून प्रौढाला ९० युरो, अर्ज घेणाऱ्या व्हीएफएस कंपनीचे वेगळे. मागच्या ५९ महिन्यांत बोटांचे ठसे दिले असतील तर सहसा पुन्हा लागत नाहीत. इंग्लंडच्या साउथहॅम्प्टनहून निघणारी नॉर्वे फेरी घेतली तर ब्रिटनचा आणि शेंगेनचा असे दोन्ही. कील किंवा कोपनहेगनहून घेतली तर एकच. अलास्काला अमेरिकेचा आणि बहुधा कॅनडाचाही.

जहाज सुटण्याच्या दिवशी पोचणारं विमान घेऊ नका. एक रात्र आधी. विमान उशिरा आलं तर जहाज थांबत नाही आणि पुढचं बंदर स्वखर्चाने गाठावं लागतं.

तुम्हाला वेळ आहे म्हणून सांगतो: एप्रिल आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये जहाजं एका समुद्रातून दुसऱ्या समुद्रात हलवतात. त्या एकतर्फी फेऱ्या लांब असतात, बंदरं कमी, आणि रात्रीमागे भाडं सर्वांत स्वस्त. फक्त परतीचं विमान एकतर्फी पडतं, ते बेरजेत धरा. आणि पेन्शनवाल्यांनो, नोव्हेंबरमध्ये हयातीचा दाखला असतो. तारखा जुळवून घ्या.

---

शिवाजीपार्ककर

सगळ्यांचे मनापासून आभार, प्रिंट काढून ठेवली. दोनच शंका राहिल्या. उपवासाचं आणि शाकाहाराचं परदेशी जहाजावर कसं जमवायचं? आणि टेंडर घ्यावाच लागला तर गुडघेवाल्या माणसाने नेमकं कसं उतरायचं?

---

ठाणेकरीण

शाकाहार बुकिंगच्या वेळीच लिहून द्या, 'भारतीय शाकाहारी' असा; नुसतं 'व्हेज' नको. पहिल्या संध्याकाळी जेवणघरातल्या मुख्य वाढप्याला भेटा. तो दुसऱ्या दिवशीचं कार्ड आदल्या रात्री दाखवतो आणि डाळ, भाजी, भात असं सांगून ठेवता येतं. बहुतेक जहाजांवर स्वयंपाकघरात भारतीय मंडळी असतात, गोवेकरही भेटतात, त्यांना आनंदच होतो. ऐनवेळी बसून मागितलं तर मात्र पास्ताच येणार. फसवणारे पदार्थ: भाज्यांचं सूप (रस्सा हाडांचा असू शकतो), थाय भाजी (माशाचा सॉस), पुडिंग आणि मूस (जिलेटिन). विचारूनच घ्या.

जेवणाची वेळ ठरवून घ्यायची असेल तर उशिराची, साडेआठच्या आसपासची. लवकरची साडेपाच-सहाला असते. त्या वेळी आपण चहा पितो.

उपवासाला साबुदाण्याची खिचडी विसरा. बुफेत फळं, उकडलेले बटाटे, दही, दूध, सुकामेवा असतो, एवढ्यावर दिवस निघतो. घरून राजगिऱ्याचे लाडू, शेंगदाण्याची चिक्की, खजूर न्या, पण दुकानातले सीलबंद. डब्यातलं घरचं अन्न चढताना अडवतात. काका, तुम्ही लाडवांपासून लांब राहा. चंद्रोदयाची वेळ मुंबईची धरू नका, जहाज जिथे असेल तिथली बघा. जहाजावरून चंद्र फार छान दिसतो, कुठे इमारत आडवी येत नाही.

जहाजावरची फळं, सँडविच किनाऱ्यावर नेऊ नका. बऱ्याच देशांत दंड आहे, ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडला तर फारच कडक.

---

डेकवरचा

टेंडर. सकाळी जहाजाच्या सहलीवाले आधी सोडतात, मग क्रमांकाची चिठ्ठी देऊन बाकीचे. घाई नसेल तर दहा-साडेदहानंतर जा, गर्दी ओसरलेली असते. परतीची शेवटची लाँच मात्र धरू नका, सगळे तेव्हाच येतात.

उतरताना हात मोकळे, पिशवी पाठीवर, काठी खलाशाच्या हातात. लाँच लाटेबरोबर वर-खाली होते. ती वर येऊन फळीच्या पातळीला क्षणभर थांबते, खलाशी 'नाऊ' म्हणतो, तेव्हाच पाऊल. ती खाली जात असताना पाय टाकला तर गुडघ्यावर सगळं वजन येतं. खलाशाचा पंजा धरू नका, कोपराच्या वर दंड धरायला द्या, पकड सुटत नाही.  फळी आणि लाँच यांच्यात फुटाहून जास्त फरक दिसला तर मागे फिरा, कोणी काही म्हणत नाही. त्यांनाही अपघात नको असतो.

घड्याळ जहाजाच्या वेळेला लावा. मोबाइल किनाऱ्यावरची वेळ उचलतो आणि दोन्हींत कधी कधी तासाचा फरक असतो. धक्क्यावर राहून गेलेली माणसं यामुळेच राहतात.

चढल्या दिवशी सुरक्षेची कवायत चुकवता येत नाही. कोस्टा कॉन्कॉर्डिया हे क्रूझ जहाज जानेवारी २०१२मध्ये कलंडलं तेव्हा त्यावरच्या बऱ्याच प्रवाशांची कवायत झालीच नव्हती. तेव्हा २४ तासांची सवलत होती. २०१५पासून जहाज सुटण्याआधी किंवा सुटताक्षणी ती घ्यावीच लागते. सात छोटे भोंगे आणि एक लांब, हा इशारा. केबिनपासून तुमच्या जमण्याच्या जागेपर्यंत एकदा जिन्याने चालून बघा, कारण त्या वेळी लिफ्ट बंद असतात. ताईंना किती मजले पडतात हे केबिन घेतानाच नकाशावर मोजलं तर आणखी चांगलं.

शेवटच्या रात्री मोठ्या बॅगा अकरा-बाराच्या आत दाराबाहेर ठेवायच्या, त्या थेट धक्क्यावर मिळतात. सकाळचे कपडे, चपला, औषधं, दाताची कवळी बाहेर काढली आहे ना ते बघून मगच बॅग बाहेर. दर फेरीला दोन-चार जण जहाजाच्या पांढऱ्या झग्यात रिसेप्शनला उभे असतात.